राजाबाई मनोऱ्यावरील माणसे

मुंबईच्या ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवरकडे पाहणाऱ्याची नजर बहुधा घड्याळावर जाते, आणि वेळ कळली की तो पुढे चालू लागतो. मनोऱ्याच्या अंगावर उभी असलेली दगडी माणसे निरखून पाहण्याइतकी सवड फारशी कोणाला नसते. ही माणसे चोवीस आहेत. पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींचे नमुने म्हणून ती घडवली गेली, आणि रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी ज्याच्या त्याच्या पोशाखासह ती उभी केली. मनोऱ्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, आणि नाव त्यांच्या आईचे. राजाबाईंना दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचे जैन व्रत त्यांना पाळता यावे म्हणून मुलाने घंटांचा हा मनोरा बांधून दिला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, मुंबईने ती जपून ठेवली आहे.

मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्या वर्षीचे दृश्य आम्हांला मोठे अर्थपूर्ण वाटते. मुंबई विद्यापीठाच्या सर्वांत उंच वास्तूला एका स्त्रीचे नाव होते, पण विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेला स्त्रीला बसता येत नव्हते. मनोऱ्यावर चोवीस जातीजमाती उभ्या होत्या, पण खालच्या पदवीदान सभागृहात त्यांपैकी मोजक्याच जातींची मुले येत होती. आणि घंटांची गोष्ट जिच्यासाठी सांगितली जाते तशा अंध व्यक्तीने येथे शिकावे, हा विचार तर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. विद्यापीठाने समाजाची विविधता आधी दगडात मान्य केली. माणसांत ती मान्य व्हायला फार वर्षे लागली, आणि ती कशी लागली हे पाहण्याजोगे आहे.

या विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा मंजूर झाला १८ जुलै १८५७ रोजी, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना. त्याच्या प्रास्ताविकात मुंबई इलाख्यातील सर्व वर्गांच्या आणि सर्व पंथांच्या प्रजाजनांना विद्याभ्यासास उत्तेजन मिळावे, असा हेतू लिहिला आहे. ‘सर्व वर्ग आणि सर्व पंथ’ हे शब्द नीट ध्यानात ठेवले पाहिजेत. कायद्यात कोणाला मज्जाव नाही. जात, लिंग, धर्म, अंगाची धडधाकट स्थिती, यांपैकी कशाचीही अट नाही. त्यामुळे विद्यापीठाचे दार पहिल्या दिवसापासून सताड उघडे होते असे म्हणण्याची सोय आहे, आणि विद्यापीठाच्या गौरवपर लेखनात तसे म्हटलेही जाते. आमच्या मते हा इतिहास कायद्यात शोधण्यात अर्थच नाही. तो शोधावा लागतो पोटनियमांत, सर्वनामांत, वेळापत्रकांत आणि टर्म भरण्याच्या अटींत. दार ज्यांच्यापुरते बंद राहिले, त्यांच्यापुरते ते अशाच एखाद्या बारीक खिळीने बंद होते. उघडले तेव्हाही कोणीतरी ती नेमकी खिळी शोधून काढली म्हणून उघडले.

खिळी कशी असते हे कळण्यासाठी विद्यापीठाच्या जन्माच्या आदल्या वर्षीचे एक प्रकरण पुरेसे आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. सरकारचे उत्तर विलक्षण आहे. तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे यात शंका नाही, असे सरकारने आधी मान्य केले. मग म्हटले, की एकदोन व्यक्तींसाठी युगानुयुगांच्या समजुतींत असा तडकाफडकी हात घातला तर शिक्षणकार्याचेच मोठे नुकसान होईल. म्हणजे हक्क आहे, पण मिळणार नाही! लंडनच्या संचालकांनी दोन वर्षांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले खरे, पण तोवर तो मुलगा शिकण्याच्या वयातून किती पुढे गेला असेल, याची नोंद कोणी ठेवणार नव्हते. विद्यापीठाचा ‘सर्व वर्ग’ हा शब्दप्रयोग या दोन तारखांच्या बरोबर मधोमध येतो.

लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिलेले मुंबई विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. त्यामुळे त्याचे दार म्हणजे परीक्षा, आणि पहारेकरी म्हणजे परीक्षेचे नियम. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिकमधून जेमतेम वीसबावीस मुले पार पडली. १८६२ साली बी.ए.चे पहिले चार पदवीधर झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही विद्वत्तेने थोर. चौघेही ब्राह्मण. ही नावे घेताना आपली छाती अभिमानाने फुगते, आणि ते रास्तच आहे. पण या यादीकडे नुसते गुणवत्तेचे फळ म्हणून पाहता येत नाही, कारण परीक्षेपर्यंत पोचण्याची वाट त्या काळी कोणाच्या अंगणातून जात होती हेही ती यादीच सांगते.

भाषेचा प्रश्न याच संदर्भात पाहिला पाहिजे. थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती, कानडी या भाषा बाहेर गेल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा आल्या. युक्तिवाद असा, की देशी भाषांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही. रानड्यांना हे कधीच पटले नाही. मराठीला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून ते आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करीत राहिले, आणि १९०१ साली ते निवर्तले तेव्हा मराठी एम.ए.च्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचली होती. साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद भाषाभिमानाचा म्हणून ठाऊक असतो. त्याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. अभिजात भाषा सक्तीची झाली की ती शिकवणारा लागतो, आणि त्याने शिकवायला तयार असावे लागते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली, आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. विद्यापीठाच्या नियमात अस्पृश्याने संस्कृत शिकू नये असे कोठेही लिहिलेले नव्हते. नियमाने अभिजात भाषा मागितली, वर्गाने ती नाकारली, आणि दोघांनाही आपले हात स्वच्छ असल्याचे सांगता आले.

स्त्रियांच्या बाबतीत तर खिळी एका सर्वनामाएवढी होती. १८७५ साली सोराबजी घराण्यातील एका मुलीला मॅट्रिकला बसता येईल काय, अशी विचारणा विद्यापीठाकडे झाली. विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी नियम उलगडून पाहिले. उमेदवाराचा उल्लेख तेथे सर्वत्र ‘तो’ असा होता. तेव्हा ‘ती’ला बसता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला. गंमत अशी, की सरकारी कायद्यांपुरता हा प्रश्न १८६८ च्या सर्वसाधारण कलमांच्या कायद्याने आधीच मिटवला होता. संदर्भाला बाध येत नसेल तेथे पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असे त्यात स्पष्ट होते. सारा भरायची वेळ आली की कायद्यातला ‘तो’ विधवेलाही लागू होई, मॅट्रिकच्या अर्जावर मात्र तो कडक पुरुष बनत असे.

विद्यापीठाने ही खिळी काढली १८८३ साली, आणि काढली तीही सर्वनामाच्याच मार्गाने. नियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा अंतर्भाव होतो, असे ठरवण्यात आले. एक ओळ पुरली, आणि त्या एका ओळीला आठ वर्षे लागली. मधल्या काळात, १८७८ साली, लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या होत्या. कलकत्त्याने त्याच वर्षी त्यांना परीक्षेस बसू दिले, आणि १८८३ च्या आरंभी कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू या पदवीधर होऊन बाहेरही पडल्या होत्या. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज स्त्रियांना खुले झाले तेही १८८३ सालीच. आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या त्याच वर्षी. परदेशात शिकायला जाणारी मुलगी आणि घरच्या विद्यापीठाचा सुधारलेला नियम यांची अशी चुकामूक व्हावी, हे त्या काळाला साजेसेच.

नियम बदलला म्हणून सगळे बदलले नाही. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकल्या आणि १८८८ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. निकाल असा लागला होता की विलायतेत शिकण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. ती नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. पदवीच्या नियमातला ‘तो’ सुधारला, शिष्यवृत्तीच्या नियमातला तसाच राहिला. त्या इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, आणि ती पदवी त्यांच्या हाती पडली १९२२ साली. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले तेच मुळी १९२० मध्ये. या बाबतीत मुंबई ऑक्सफर्डच्या सदतीस वर्षे पुढे होती, हे नोंदवताना थोडा खट्याळ आनंद होतो हे नाकारण्यात अर्थ नाही.

याच विद्यापीठातून १८८४ साली पदवी घेतलेले धोंडो केशव कर्वे यांनी पुढे वेगळाच मार्ग धरला. आहे त्या दारातून स्त्रियांना आत ढकलण्याऐवजी त्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठच काढले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही कल्पना सुचली. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले, आणि पदवीलाही ‘गृहीतागमा’ असे नाव दिले. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी देऊ केली. पण सरकारी कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. तोपर्यंत ‘गृहीतागमा’ झालेल्या बाईने बाहेर नोकरीसाठी अर्ज केला की ही पदवी कोणत्या विद्यापीठाची, हा प्रश्न ठरलेला. आमच्यात या विषयावर मतभेद आहेत. काहींना कर्व्यांचा अभ्यासक्रम स्त्रीला घरातच ठेवणारा वाटतो. पण ज्या मुलींना सहशिक्षणाच्या कॉलेजात घरचे लोक पाठवणारच नव्हते, त्यांच्या हिशेबाने पाहिले तर हे विद्यापीठ घराच्या उंबऱ्याजवळ येऊन उभे राहिले होते. दुरून पाहणाऱ्याला ते अर्धवट वाटले तरी त्या मुलींपुरते ते पुरते विद्यापीठ होते.

आता थोडे मागे, १८८२ सालाकडे जाऊ. त्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. ते प्राथमिक शिक्षणाविषयीचे म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याचा भर आहेही तेथेच. शेतकऱ्यांच्या घामातून आलेला सारा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, वरून झिरपत खाली ज्ञान येईल ही आशा फोल ठरली आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पण त्याच निवेदनात विद्यापीठाविषयी एक लहानशी सूचना आहे. तिच्याकडे आमच्या समजुतीप्रमाणे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मॅट्रिकच्या परीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास केलेले विद्यार्थी बसू शकतात, मग वरच्या परीक्षांनाही त्यांना बसू द्यायला विद्यापीठाला अडचण काय, असा त्यांचा प्रश्न होता. बी.ए., एम.ए.साठी खाजगी अभ्यास मान्य झाला तर पुष्कळ तरुण आपापल्या घरी अभ्यासाला लागतील आणि विद्येचा प्रसार वाढेल, असे त्यांनी मांडले.

ही सूचना साधी दिसते. पण ती खिळी बरोबर ओळखते. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर संलग्न कॉलेजात टर्म भरल्या पाहिजेत. टर्म भरायच्या तर मुंबईत किंवा पुण्यात राहिले पाहिजे, फी दिली पाहिजे, आणि दिवसाची कमाई सोडली पाहिजे. ज्याच्या घरी एक माणूस कमावता नसेल तर चूल पेटत नाही, त्याच्या दृष्टीने ‘टर्म’ हा शब्द जातिनिर्बंधाइतकाच पक्का होता. फुल्यांनी विद्यापीठाकडे सवलत मागितली नाही, गुण वाढवून मागितले नाहीत, परीक्षा सोपी करा म्हटले नाही. परीक्षा तीच ठेवा, फक्त हजेरीची अट काढा, एवढेच मागितले. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले १९८९ साली, म्हणजे या निवेदनानंतर एकशे सात वर्षांनी. बारावी न झालेल्यांसाठीही त्याने सुरुवातीच्या काळात पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून वाट काढून दिली, तेव्हा एसटीचे वाहक, अंगणवाडीच्या ताई, शेतावर राबणाऱ्या सुना अशा कोणालाही पदवीचे नाव काढता येऊ लागले. या विद्यापीठाच्या पूर्वेतिहासात १८८२ ची ती सूचना ठळकपणे यायला हवी.

हजेरी भरायची तर राहायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरने दिले. राजाराम कॉलेज मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होते. शाहू महाराजांनी कॉलेजला हात न लावता त्याच्याभोवती वसतिगृहे उभी केली. १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी ती निघत गेली. जातवार वसतिगृहे ही कल्पना आज कानाला खटकते. त्या काळी मुलाच्या आईला विचारले असते तर तिने बहुधा एवढेच विचारले असते, की त्याला जेवू कोण घालणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे एकाच पंगतीचे वसतिगृह काढून आणि ‘कमवा व शिका’ योजनेने या उत्तराची पुढची पायरी गाठली. १९०२ सालचा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा शाहूंचा हुकूम सर्वांना ठाऊक असतो. तो नोकऱ्यांसाठी होता. त्या नोकऱ्यांना लायक तरुण मिळावेत म्हणून वसतिगृहे होती, हा दोहोंतला सांधा सहसा सांगितला जात नाही.

आंबेडकर १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात आले. त्या वर्षी शिक्षणावर बोलताना त्यांनी सरकारी अहवालातील आकडे सभागृहापुढे ठेवले. कॉलेजात शिकणाऱ्यांचे दोन लाख लोकसंख्येमागे प्रमाण पुढारलेल्या हिंदूंत हजार, मुसलमानांत बावन्न, मधल्या वर्गांत चौदा, आणि मागासलेल्या वर्गांत शून्य किंवा शून्यासारखेच. ‘सर्व वर्ग’ या शब्दांना तेव्हा सत्तर वर्षे झाली होती. एवढ्या थोड्या जागेत एवढे स्पष्ट परीक्षण कोणत्याही विद्यापीठाचे झाले नसेल.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. सिनेटवर मागासवर्गीयांचे प्रतिनिधी कशाला, तेथे विद्वान हवेत, असा सूर होता. आंबेडकरांचे त्यावरचे म्हणणे मुळात जाऊन वाचण्यासारखे आहे. त्यांच्या मते विद्यापीठ म्हणजे बौद्धिक कुवत असलेल्या, पण पैशाअभावी किंवा आयुष्यातल्या अन्य अडचणींमुळे तिचा उपयोग करू न शकणाऱ्या सर्वांना शिक्षणाची साधने पुरवणारी यंत्रणा. येथे व्याख्येचा रोखच फिरला आहे. जे स्वबळावर येऊन पोचले त्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे हे जुन्या विद्यापीठाचे काम होते. जे येऊन पोचत नाहीत ते का पोचत नाहीत, हे पाहणे आता विद्यापीठाचे काम ठरते. आणि ते पाहायचे तर अडचण सोसलेला माणूस निर्णयाच्या खुर्चीवर असला पाहिजे, कारण बाकीच्यांना खिळी दिसतच नाही. मागासवर्ग इतर भौतिक लाभांवर एक वेळ पाणी सोडील, पण उच्च शिक्षणाचा हक्क सोडणार नाही, हेही त्यांनी बजावले.

एकोणीस वर्षांनी त्यांना स्वतः कॉलेज काढण्याची संधी आली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत जून १९४६ मध्ये सुरू झाले, आणि त्याचे तास सकाळी ठेवण्यात आले. सकाळी व्याख्याने ऐकून मुलाने दिवसा कचेरीत किंवा गोदीत कामाला जावे, अशी व्यवस्था. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच, परीक्षाही तीच. बदलले फक्त वेळापत्रक. फुल्यांनी ज्या अटीवर बोट ठेवले होते ती अट विद्यापीठाने काढली नव्हती, तेव्हा आंबेडकरांनी टर्म भरणेच कामकऱ्याच्या घड्याळाशी जुळवून टाकले. मुंबईतल्या कितीतरी कारकुनांनी, टपालखात्यातल्या माणसांनी आणि पुढे मोठे लेखक झालेल्यांनी या सकाळच्या तासांतून पदव्या घेतल्या. उच्च शिक्षणाच्या इतिहासात घोषणांना जेवढी पाने मिळतात तेवढी वेळापत्रकांना मिळत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे.

याच सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने ते मुंबई विद्यापीठाच्या हद्दीबाहेर होते, आणि तेथील उच्च शिक्षणाची सूत्रे उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे, दूर हैदराबादेत होती. मिलिंदच्या वसतिगृहात खेड्यापाड्यांतली दलित मुले आली आणि त्यांच्यापाठोपाठ एक नवे वाङ्मय आले. प्रा. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ याच आवारातून वाढले. १९५८ साली स्वतंत्र मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि त्याचे पहिले कुलगुरू होते मुंबई विद्यापीठाचे इतिहासकार स. रा. डोंगरकेरी. त्या विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मुले वर्गात बसलेली काहींनी चालवून घेतली होती. नाव कमानीवर लागणे त्यांना सोसवेना. जातीजमाती मनोऱ्यावर शोभेला चालतात, कमानीवर हक्काने आल्या की चालत नाहीत, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

राहता राहिल्या त्या राजाबाई, म्हणजे त्यांच्याविषयीची आख्यायिका. डोळ्यांनी, हातापायांनी किंवा लिहिण्यावाचण्याच्या क्रियेतच अडचण असलेल्या विद्यार्थ्यांचा विचार विद्यापीठांनी सर्वांत शेवटी केला. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारतींचे गोल जिने छायाचित्रकारांचे लाडके आहेत. कुबड्या घेऊन ते चढून पाहावेत. १९९५ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत किमान तीन टक्के जागा अपंगांसाठी राखल्या. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्या किमान पाच टक्के केल्या. पण येथेही खिळी शब्दांतच अडकलेली आढळते. लेखनिक कोणाला मिळावा यावरून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याने ‘अपंग व्यक्ती’ आणि ‘किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेली व्यक्ती’ अशा दोन व्याख्या दिल्या आहेत. परीक्षा घेणाऱ्यांनी अरुंद व्याख्या धरून लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या मोजपट्टीला बांधता येणार नाही. १८७५ सालच्या ‘तो’ आणि ‘ती’ची आठवण व्हावी असाच हा शब्दांचा तंटा होता.

त्याच वर्षी मुंबईतल्या एका केंद्रावर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेल्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका नेहमीच्या वेळेला काढून घेण्यात आली. तिला डिसग्राफिया होता, म्हणजे हाताने लिहिणेच तिच्यासाठी अवघड होते. नियमाप्रमाणे तिला एक तास जास्त मिळायला हवा होता. केंद्रावरच्या लोकांना तो नियम ठाऊक नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे निःसंदिग्धपणे मान्य केले. एका व्यक्तीवरचा अन्याय प्रचंड परीक्षेच्या आकड्यांत विसरून जाता येणार नाही, असे बजावून परीक्षायंत्रणेने त्यावर उपाय शोधावा असा आदेशही दिला. फेरपरीक्षा मात्र देता आली नाही, कारण परीक्षेला पंधरा लाखांवर विद्यार्थी बसलेले होते. धारवाडच्या मुलालाही १८५६ साली तात्त्विक न्याय त्याच्याच बाजूचा असल्याचे कळवण्यात आले होते.